पुढचं पाहून घ्यावं

गॅरेजातल्या दोघा भावांना गिऱ्हाइकं थोरले आणि धाकटे एवढंच म्हणायची. थोरल्याचा हात कसबी, जीभ मात्र त्या हाताची सगळी कमाई धुळीला मिळवणारी. आठ महिन्यांपूर्वी एका गाडीचा बोल्ट ढिला निघाला, तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर त्याने धाकट्याची अब्रू काढली. दुसऱ्या दिवशी त्याला आठवलं, तो बोल्ट आपणच नुसता बोटांनी लावून चहाला गेलो होतो. आठवलं, आणि त्याने ते गिळून टाकलं.

तेव्हापासून अबोला. पण एका छपराखाली काम करायचं म्हणजे तोंड उघडावंच लागतं, म्हणून दोघांनी 'तू' वगळून भाषा चालवली. "सतराचा पाना द्यावा." "चहा आलाय, घ्यावा." नवख्याला वाटायचं, काय हा आदर! आता धाकट्याने पलीकडच्या गल्लीत स्वतःसाठी शेड पाहिल्याचं भावजयीकडून कळलं होतं. थोरल्याला घास गोड लागेना. भाऊ जाऊ नये असं त्याला फार वाटत होतं, पण सांगणार कसं?

अशात सिस्टरची गाडी आली. सिस्टर डोंगरावरच्या वस्त्यांत बाळंतिणी तपासायला जात. गाडी छोटी, पण चारही चाकांनी चढणारी. तिची ट्रान्स्फर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी, खिळखिळी झाली होती. भंगारातल्या गाडीची एक पेटी मिळाली, सोबत दोन्ही एक्सलचे, म्हणजे चाकांच्या आसांचे, दातेही मिळाले. पुढचे आणि मागचे दाते एकाच हिशेबाचे लागतात, नाहीतर पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात. थोरल्याने पेटी बसवली, मागचे दाते बदलले आणि हवेत बोलला, "पुढचं पाहून घ्यावं."

धाकट्याने पाहून घेतलं. जुने दाते धडधाकट दिसले, म्हणून झाकण लावून टाकलं.

सपाट रस्त्यावर, नुसत्या मागच्या चाकांच्या जोरावर, गाडी झकास चालली. खडकाळ चढाला, सिस्टर शेजारी बसलेल्या असताना, थोरल्याने चारही चाकं जोडली आणि गाडी आखडली. पुढची चाकं एक म्हणत होती, मागची दुसरंच. खालून कटकट ऐकू यायला लागली, चाकं जोडायचा लिव्हर जागचा हलेना. गाडी हातभर मागे घेतली तेव्हा कुठे तो सुटला.

"काय झालं हो?" सिस्टरनी विचारलं.

"पुढचे दाते जुनेच राहिलेत."

"राहिले कसे?"

उत्तर थोरल्याच्या जिभेवर तयार होतं, नेहमीचंच, भावाच्या नावाचं. ते त्याने दाताखाली धरलं आणि गाडी वळवली.

गॅरेजात बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. धाकटा हात पुसत बाहेर आला.

"तू पुढचे दाते बदलले नाहीस ना रे?" थोरला म्हणाला.

धाकट्याचा हात थांबला. आठ महिन्यांनी त्याने 'तू' ऐकलं होतं.

"पाहून घ्यावं म्हणालास. पाहिले. चांगले होते."

"बदल म्हणायला हवं होतं मी. चूक माझी." मग बाकाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "आणि मागे तो बोल्ट निघाला ना, तोही मीच ढिला ठेवला होता."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं? मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

थोरला त्याच्याजवळ गेला. "मग जाऊ नकोस. शेडवाल्याला नाही म्हणून सांग."

धाकट्याने हातातल्या फडक्याची घडी घातली. "काल शब्द देऊन आलो, दादा. कालपर्यंत वाट पाहिली."

सिस्टर उगाच रस्त्याकडे बघत राहिल्या. धाकट्याने जमिनीवर पोतं अंथरलं, गाडीच्या पुढच्या बाजूने खाली सरकला आणि आतून म्हणाला, "ये. हे एकट्याने उतरणार नाही."

थोरला त्याच्या शेजारी जाऊन पाठीवर झोपला. त्याला रडू आलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, एक्सलचं वजन दोघांनी मिळून धरलं होतं.