करवतीतल्या अक्षता

बाळांनो, तुमच्या आजोबांची पेट्रोलवर चालणारी करवत तुम्ही मुलुंडच्या आपल्या बाल्कनीत पाहिली आहे. तुम्हाला तिला हात लावायची परवानगी नव्हती. मरोळच्या एका मेकॅनिककडून त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती, गावच्या वाडीतल्या फांद्या तोडायला. आजोबा श्रावणात गेले. दिवाळीनंतर फणसाची मोठी फांदी मोडून गोठ्याच्या कौलांवर अडकली, तेव्हा माझे धाकटे दीर करवत न्यायला गावाहून आले.

नेण्याआधी त्यांनी ती खाली कंपाउंडमध्ये सुरू करून पाहिली. अर्धा तास दोरी ओढली, पण ती सुरू होईना.

"वैनी, माझो खांदो गेलो ओढून ओढून. ही आता भंगारात घाला आणि नवीन घेवा."

"आधी दाखवून येऊ," मी म्हटलं.

दीरांसोबत रिक्षात बसल्यावर मी एका कागदावर दोन रकाने आखले, एकात 'दुरुस्ती' आणि दुसऱ्यात 'नवीन' लिहिलं. शाळेत शिकवताना लागलेली सवय. मरोळ येईपर्यंत दोन्ही रकाने कोरेच होते. ही वस्तू ठेवावी की जाऊ द्यावी, असं मी स्वतःला विचारत होते.

मेकॅनिकने दोरीकडचं झाकण उघडलं, चिमट्याने काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, "आजी, हिला भात भरवलात काय?"

तांदळाचे दाणे होते, कुंकवाने लाल झालेले. हवेची जाळीही कुंकवाने माखली होती.

ते माझंच काम. खंडेनवमीला आजोबा घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करत. यंदा ती मी केली आणि मूठभर अक्षता वाहिल्या. पूजेआधी ते करवतीवर नेहमी एक धुतलेला रुमाल अंथरत. मला वाटायचं, ते देवाचं आसन असेल. आता कळलं, ते तिच्या फटी झाकत होते. चाळीस वर्षांच्या संसारात मी ते कधी विचारलं नव्हतं.

साफ करून त्याने दोरी ओढली आणि दुसऱ्याच झटक्याला करवत सुरू झाली. आजोबा गेल्यावर पहिल्यांदाच मी तो आवाज ऐकत होते, आता रडू येईल असं वाटलं. मी फक्त कानांवर हात ठेवले.

"घेवा, झकास चालता," दीर म्हणाले. "नवीन कशाक मग?"

मेकॅनिकने ती बंद केली आणि पुढचा दांडा हलवून दाखवला. तो नुसताच लोंबकळत होता. "याने दात्यांची साखळी जागच्या जागी थांबते. हा ब्रेक कधीचा गेलाय. याचे पार्ट आता येत नाहीत. साहेब असेच वापरायचे?"

दीरांनी तो दांडा स्वतः हलवून पाहिला. मग म्हणाले, "दादान माका कधी हात लावूक दिल्यान नाय."

तुम्हालाही नाही, हे माझ्या मनात आलं. कागदावर 'नवीन'खाली मी एकच शब्द लिहिला, ब्रेक, आणि तिथल्याच एका दुकानातून बॅटरीवरची एक घेतली. दीर ती घेऊन गेले. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, फांदी उतरली, चार कौलं फुटली.

जुनी बाल्कनीतच आहे. आतलं पेट्रोल काढून टाकलंय, तिला हात लावला तरी आता चालेल. रुमाल धुऊन वर घातला आहे. त्यावर धूळ बसते, दर शनिवारी मी तो झटकते.