सत्ती-दुर्री

मुदखेडहून नांदेडला जाताना आम्ही रेल्वेत नवंनवं शिकलेलं पोकर शेंगदाणे लावून खेळत होतो. खिडकीपाशी बसलेल्या एका अनोळखी बाईंनाही पत्ते वाटले. त्या हातात आलेले दोन पत्ते बघायच्या, एक भुवई उडवायच्या आणि पत्ते पालथे टाकून डाव सोडून द्यायच्या. आम्ही मात्र सत्ती-दुर्रीवरही खेळायचो आणि हरायचो.

शेवटी मी चिडलो. "ताई, आलेत पत्ते तर खेळा की."

"आलेत म्हणून खेळायचं व्हय?" त्या शांतपणे म्हणाल्या. "स्थळं आली तवाबी घरचे असंच म्हणले, आलंय तर कर. न्हाई केलं. काय बिघडलं माझं?"

पुढच्या डावाला त्यांनी पत्ते बघितले आणि पहिल्यांदाच शेंगदाणे पुढे सरकवले. आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने पत्ते पालथे टाकले.