साहेबांसाठी उघडलेलं दार

मस्कतचं लायसन देऊन इथलं घ्यायचं, तर आधी गाडी चालवून दाखवा, असं मला सांगण्यात आलं. लायसनशिवाय रोज गाडीने जायची विंचूरची नोकरी मिळणार नव्हती, म्हणून गंगापूर रोडवर ड्रायव्हिंग क्लास लावला.

तिथले सर शिकणाऱ्यांवर कधी रागवत नसत, गाडीवर रागवत. मी मस्कतच्या सवयीने रस्त्याच्या उजव्या बाजूला गेले की ते डॅशबोर्डवर टिचकी मारून म्हणत, "गाडीबाई, हे नाशिक आहे. समोरून एसटी येतेय, तिला तरी विचारा." ते अखंड बोलत, पण माझ्याशी नाही, त्यामुळे मला चालून जाई.

परीक्षेच्या दिवशी सर आणि आरटीओचे साहेब गाडीपाशी उभे होते. मी घाबरून मस्कतसारखं डावीकडचं दार उघडलं आणि स्टिअरिंग पलीकडच्या बाजूला दिसताच थिजलेच.

"बसा साहेब," सर शांतपणे म्हणाले. "मॅडमनी तुमच्यासाठीच उघडलंय."

साहेब खूश होऊन बसले. मी पास झाले.

सरांचे आभार मात्र मी मानले नाहीत. ते इतक्या सफाईने खोटं बोलले होते, आणि मला ते इतकं आवडलं होतं, की त्यांच्याकडे बघायचीच लाज वाटली.