देखणा आणि खडूस

माझ्या हातून आजवर एकाही गाडीला ओरखडा पडलेला नाही, असं मी गेल्या दसऱ्यापर्यंत चारचौघांत सांगत असे. ऐन संध्याकाळच्या गर्दीत गंगापूर रोडवरून गाडी काढणाऱ्या माणसाला तेवढा हक्क आहे. (सुषमा, म्हणजे आमची ही, हा हक्क मानत नाही. शेजारी बसली की ती दारावरचं हँडल घट्ट धरते आणि रामरक्षा म्हणते.)

त्यामुळे आमच्या लेकीनं, मुक्तानं, मला पंच नेमलं याचं मला नवल वाटलं नाही. तिच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या टीमनं एक रेसिंग गाडी बनवली होती, आणि ती चालवणार कोण हे दिवाळीआधी ठरायचं होतं. मुक्ताला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की पोरीनं दसऱ्याच्या श्रीखंडाकडेही पाहिलं नाही. सरावासाठी तिनं टीमकडून स्टिअरिंग आणि पेडलं आणून टीव्हीपुढच्या टेबलावर आणि टेबलाखाली बसवली आणि ओळखीच्या दुकानातून रेसिंगचे दोन गेम आणले. एक ठेवायचा, दुसरा संध्याकाळी परत करायचा. विकत मी घेणार, म्हणून शेवटचा शब्द माझा.

पहिल्या गेमला मी 'देखणा' हे नाव दिलं. काय त्याचा थाट! बॉनेटवरून ढग सरकताना दिसत होते, सीटची शिवण दिसत होती. मी गाडी वळणावर नेली, ब्रेक दाबला, आणि ती लोण्यातून सुरी फिरावी तशी वळली. मुक्ता म्हणाली की हा गेम आपल्याला सांभाळून घेतो, चुका पोटात घालतो. मी तिकडे लक्ष दिलं नाही. गुणी माणसाला सगळेच सांभाळून घेतात.

मग जेवणं झाली. मी जरा आडवा झालो, मुक्ता आपट्याची पानं द्यायला शेजारी गेली, आणि त्या वेळात आमच्या आईनं स्टिअरिंगची पूजा केली. दसऱ्याला घरातलं वाहन बिनपूजेचं राहिलेलं तिला चालत नाही. हे वाहन नाही असं सुषमानं सांगून पाहिलं.

"चाक हे ना त्याला?" आई म्हणाली. "मंग गाडीच झाली ती."

मी उठून पाहतो तर स्टिअरिंगला हळदकुंकू, झेंडूची माळ. माळ बाजूला सारून मी दुसऱ्या गेमला बसलो. याचं नाव पुढच्याच मिनिटाला 'खडूस' पडलं. दिसायला साधा, पण रस्त्याची प्रत्येक उंचसखल जागा थेट मनगटात कळत होती. ओल्या रस्त्यावर मागची चाकं निसटली की स्टिअरिंग हाताला हिसका देत होतं. मी मनापासून दाद देणार होतो, तेवढ्यात वळण आलं. ब्रेक दाबला, गाडी थांबेना. अंगाचा सगळा भार टाकला, तरी गाडी सरळ भिंतीवर! पुन्हा सुरू केली, पुन्हा भिंत. सुषमानं सोफ्याचा हात घट्ट धरला.

मी निकाल दिला. दिसण्यात देखणा सरस, रस्त्याच्या जाणिवेत खडूस सरस. पण ज्याला ब्रेकच नाही तो गेम घरात नको. खडूस परत जाईल.

मुक्ताचा चेहरा उतरला. "बाबा, मला यावरच शिकायचंय," ती हळूच म्हणाली. "खरी गाडी मला सांभाळून घेणार नाहीये."

मला वाईट वाटलं, पण निकाल तो निकाल. मी खडूसचा डबा तिच्या हातात दिला. तेवढ्यात आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, की ते लिंबू चिरडलं का एकदाचं?

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडायची आमची पद्धत. इथे टायर सापडेनात, म्हणून आईनं अक्कल लढवून लिंबू ब्रेकच्या पेडलमागे खोचलं होतं. पाय पडला की चिरडेल, असा हिशेब. मुक्तानं टेबलाखाली वाकून ते बाहेर काढलं. हिरवंगार, दगडासारखं टणक. माझ्या सगळ्या भारानं त्याला साधी चीरही गेली नव्हती.

निकाल मी तिथल्या तिथे फिरवला. मुक्ता खुर्चीत बसली आणि तिनं खडूसला असं काही चालवलं, की मी टाळ्या वाजवायचं विसरलो. वळण यायच्या आधीच तिची नजर वळणापलीकडे पोचलेली असायची. निसटणारी गाडी ती बोटांच्या जराशा हालचालीनं सरळ करत होती. ही पोरगी माझी, असं मी सुषमाला दोनदा सांगितलं. खडूस घरीच राहिला.

"आता तुम्ही, बाबा," ती उठत म्हणाली. "आता ब्रेक लागेल."

मी ऐटीत बसलो. तोच रस्ता, तेच वळण. ब्रेक दाबला, पेडल खालपर्यंत गेलं, आणि गाडी त्याच भिंतीवर जाऊन आदळली.

मी खुर्चीतून उतरलो, गुडघे टेकले आणि टेबलाखाली डोकं घातलं.

"अहो, काय शोधताय?" सुषमानं विचारलं.

"दुसरं लिंबू," मी म्हणालो.