फुली म्हणजे मोकळं

ऑफिसात त्यांना सगळे 'फूटपट्टी' म्हणत आणि त्यांना ती पदवीच वाटे. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले, पण यांची रेघ वाकडी गेली असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. हॉटेलात गेले तरी आधी टेबल भिंतीशी काटकोनात आहे का ते बघत. नसलं तर सरकवून घेत आणि वेटरला त्याचं कारणही समजावून सांगत. तोवर बायकोचं मेनूकार्ड दोनदा वाचून झालेलं असे.

ऑफिसात एका चार मजली इमारतीचं काम आलं, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचं घर त्यांनी स्वतःसाठी धरलं. कारण एकच, बायकोचा दमा. जुनं घर तळमजल्यावरचं आणि ओलीचं. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, औषधं मी देतो, कोरडी हवा तुम्ही द्या. फूटपट्टींनी ते इतकं मनावर घेतलं की कपडे धुण्याच्या खोलीवर, म्हणजे युटिलिटीवर, त्यांनी तीन आठवडे घालवले. बायकोला वाकावं लागू नये म्हणून मशीनखाली ओटा. तिच्या हाताला येईल असा साबणाचा कोनाडा. खोली चारी बाजूंनी घरांनी आणि लिफ्टने वेढलेली, खिडकी मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून कोपऱ्यात त्यांनी एक चौकोन काढला आणि त्यात फुली मारली. नकाशाच्या भाषेत चौकोनातली फुली म्हणजे डक्ट, खालपासून गच्चीपर्यंत मोकळी जागा. कोंदट हवेने तिथून वर निघून जायचं.

बांधकाम चालू असताना ते दर रविवारी जाऊन भिंती मापून येत. पण प्लॅस्टर केलेली भिंत आतून पोकळ की भरीव हे कुठल्या टेपने मोजणार? राहायला आल्यावर एक्झॉस्ट पंखा बसवायला म्हणून त्या कोपऱ्यात भोक पाडायला घेतलं, तेव्हा आधी वीट लागली आणि मग सळई.

बांधकाम केलेल्या नेहमीच्या मिस्त्रींना बोलावणं गेलं. ते आले, भिंतीवर दोन थापा मारून समाधानाने हसले.

"मिस्त्री, इथे डक्ट होती."

"नाही हो साहेब. इथे तुम्ही फुली मारलेली."

"तेच म्हणतोय. फुली म्हणजे मोकळं."

"फुली म्हणजे नको," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "चुकलेल्या गणितावर मास्तर मारतात ना, ती. मला वाटलं, साहेबांनी चौकोन काढला, मग मत बदललं. माणसांना म्हटलं, रद्द केलंय, बुजवा."

"बाकीच्या इमारतींत बरं नाही बुजवलंत."

"तिथे तुम्ही लिहिता ना, 'वरपर्यंत मोकळे'. इथे कुठे लिहिलं होतं?"

फूटपट्टींनी नकाशा पसरला. ओट्याची उंची लिहिली होती. साबण घसरू नये म्हणून कोनाड्याची कड किती उचलायची तेही लिहिलं होतं. ते दोन शब्द मात्र, आपलंच घर, आपलेच मिस्त्री, कळेलच की, म्हणून राहून गेले होते.

"फोडता येईल?"

"ते कसं फोडणार? चारही मजल्यांचे स्लॅब गेलेत त्यातून. आणि तुमचं घर म्हणून नुसत्या विटा नाही रचल्या मी. सळई टाकून काँक्रीट ओतलंय. तुम्ही आम्ही जाऊ, ते नाही जायचं." मिस्त्रींच्या चेहऱ्यावर अजून शाबासकीची अपेक्षा होती.

"द्या की हो शाबासकी," चहा घेऊन आलेली बायको दारातूनच म्हणाली. "अख्ख्या इमारतीत एवढं मजबूत दुसरं काही नसेल."

फूटपट्टींनी हार मानली नाही. पंखा दारात बसवला. तो आतली ओल इमानेइतबारे स्वयंपाकघरात आणून सोडू लागला आणि डब्यातली साखर पाघळली. मग स्वयंपाकघराच्या छताखालून बाहेरच्या भिंतीपर्यंत पाइप टाकला. दोन बीम चुकवत, चार वळणं घेत. त्याच्या नकाशावर त्यांनी इतक्या सूचना लिहिल्या की रेघा दिसेनात. तिसऱ्या वळणावर वाफ गार व्हायची आणि पाणी थेंबाथेंबाने नेमकं गॅसवर पडायचं.

"अहो, युटिलिटीत जायला नको आता," बायको वर बघत म्हणाली. "तीच आली भेटायला." स्वतःच्याच विनोदावर ती हसली, हसता हसता खोकली, आणि तो खोकला थांबेना. फूटपट्टी तिच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले. दुसरं काय करायचं ते कुठल्याच नकाशात नव्हतं.

कपडे रस्त्याकडच्या खिडकीत वाळत घातले, तर समोरच्या बांधकामाची धूळ कपड्यांबरोबर घरात आली. कपडे लाँड्रीत द्यायला सुरुवात केली, मशीन पुसून बंद ठेवलं. पण तोवर भिंतीवर चढलेल्या बुरशीला कपड्यांची गरज उरली नव्हती. युटिलिटीची भिंत संपवून ती झोपायच्या खोलीत, कपाटामागे पोचली.

डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "घर नाही बदललंत अजून?"

"बदललं," ती म्हणाली.

शेवटी तिच्या बहिणीकडे जायचं ठरलं. बहिणीचं गाव उंचावर, हवा कोरडी खणखणीत. "आठ-पंधरा दिवसांत येते," बायको म्हणाली. बॅग भरायचं काम अर्थातच फूटपट्टींकडे. ते एकेक कपडा बसवत होते आणि ती पलंगावर बसून एकेक पुढे करत होती. बाहेर उन्हाळा नुकता लागत होता. तिने स्वेटर पुढे केला.

"हा कशाला?"

"तिकडे थंडी असते."

"हिवाळ्यात."

ती नुसती स्वेटर पुढे धरून बसली. फूटपट्टींनी तो घेतला, घडी घालून बॅगेत तळाशी ठेवला.

"मग शालही ने," ते म्हणाले.

कपाटातून शाल काढली, तर तिलाही बुरशीचा कुबट वास. ती घेऊन ते खिडकीशी गेले आणि दोन्ही हातांनी उन्हात पसरून धरून उभे राहिले, गाडीची वेळ होईपर्यंत.