शेपटापुरतं उघडं दार

आमच्या मावसाजींनी शेपटाचा जेवढा विचार केला, तेवढा शेपूटवाल्या प्राण्यांनीही केला नसेल. बालाघाटच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण त्यांचा 'अन्यूरी' हा शब्द काही निवृत्त झाला नाही. अन्यूरी म्हणजे शेपूट नसणं. ग्रीकांचं 'अन्' म्हणजे विना आणि 'ऊरा' म्हणजे शेपूट, हे दूधवाल्यालाही पाठ होतं. लग्नाच्या पंगतीत ते शेजाऱ्याला माकडहाड चाचपायला लावत आणि हळूच म्हणत, "गेलं नाही ते. आतच हाय." त्या बिचाऱ्याला मग जिलेबी गोड लागत नसे.

मलाजखंडहून आणलेलं, जन्मतः बिनशेपटाचं एक मांजर त्यांनी पाळलं होतं. ते उंबऱ्यात बसे. मावसाजी आले तरी हलत नसे, त्यांनीच ओलांडून जायचं. मागून मावशी आली की मात्र निमूट सरके. मावशी नेहमी रेंगाळत यायची, म्हणून मावसाजी आत शिरल्यावर दार धरून ठेवत. का, असं विचारलं तर म्हणत, "माझं शेपूट येऊन राह्यलं." मावशी पदराआड हसायची.

छत्तीसगड वेगळं झालं, त्या हिवाळ्यात मावशी गेली. मावसाजी रडले नाहीत. बैहरहून आलेल्या त्यांच्या बहिणीनं रडून मोकळं हो म्हणून विनवलं, तर म्हणाले, "बेडकाचं शेपूट गळून पडत नाही, बाई. तो त्याले आतल्या आत जिरवते. टाइम लागते."

मला त्यांची फार काळजी वाटत होती, कारण दार धरणं काही सुटलं नव्हतं. एका संध्याकाळी वैनगंगेवरून फिरून आलो. मांजर ओलांडून आम्ही आत शिरलो आणि ते दार धरून उभे राहिले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी म्हणालो, "लावा न दार. मागं कोणी नाही." ते "हौ" म्हणाले, पण हलले नाहीत.

तेवढ्यात मांजर उठलं आणि निमूट बाजूला सरकलं. मग मान वळवून, सावकाश, स्वयंपाकघरापर्यंत कुणाकडे तरी बघत राहिलं.

मावसाजींनी दार अलगद लोटलं, काही चिमटू नये म्हणून लोटतात तसं. त्यांच्या डोळ्यांतून इतक्या महिन्यांनी पाणी वाहत होतं. धोतराच्या सोग्यानं ते पुसत म्हणाले, "चहा मांड. तीन कप."

मी तीन कप चहा मांडला.