तालमीच्या जागेवरचं हायस्कूल

धारला हायस्कूल बांधायचं ठरलं, तेव्हा जागा निवडली ती नेमकी संताजी वस्तादांच्या तालमीची. एकोणीसशे सात-आठ साल असेल. तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक कौलारू खोली आणि आत लाल मातीचा हौदा, एवढीच ती तालीम. पण वस्तादांच्या आज्यापासून चालत आलेली. सरदारांची पोरं, तेल्यांची पोरं, मांडूच्या वाटेवरच्या पाड्यांतली भिल्लांची पोरं त्याच हौद्यात एकमेकांना लोळवत.

गवंडी आले त्या सकाळी वस्ताद हौद्यात मांडी घालून बसले. शिपायांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. सगळं गाव बघत होतं. कुणी पुढे आलं नाही. ज्यांची पोरं हायस्कुलात जायची होती, ते तर मनातून खूषच होते.

पुढे बोभाटा नको म्हणून संस्थानच्या कारभाऱ्यांनी त्यांना त्याच शाळेत ड्रिल मास्तर नेमलं. वस्ताद ती नोकरी लाथाडणार होते. पण त्यांच्या बायकोने, जमुनाबाईंनी, तोंड सोडलं. "तालीम गेली, आता चुलीवर तुमचा मान शिजवू का?" त्या म्हणाल्या. मग वस्ताद खाकी डगला चढवून शाळेत आले. डगला खांद्यात उसवलेला होता आणि चेहरा असा, की आम्ही पोरं आपोआप रांगेत उभे राहिलो.

मी तेव्हा इंग्रजी चौथीत होतो. हेडमास्तर माधवराव पुण्याहून आलेले बी.ए. पांढरं उपरणं, हातात छडी. घामाचा त्यांना तिटकारा. पहिल्याच दिवशी ते वस्तादांना म्हणाले, "संताजी, इथे कुस्ती नाही. फक्त कवायत. आणि मला साहेब म्हणायचं."

"बरं, मास्तर," वस्ताद म्हणाले.

त्या दिवसापासून दोघांचं जे बिनसलं ते बिनसलंच. हेडमास्तर खिडकीतून कवायत बघत आणि सगळ्यांदेखत खोट काढत. वस्ताद त्यांच्याकडे पाठ करून उभे राहत.

शाळा सुटल्यावर तालमीची जुनी पोरं मैदानात येऊ लागली. वस्ताद एका कोपऱ्यात त्यांच्याकडून जोर काढून घेत. महिनाभरात तक्रारी सुरू झाल्या. आमच्या घरीसुद्धा वडील म्हणाले, "आमच्या मुलांच्या मैदानात कुणीही घुसतं म्हणजे काय?" वडील स्वतः लहानपणी त्याच हौद्यात उतरलेले. मी तसं म्हणताच थोबाडीत बसली.

हेडमास्तरांनी फाटकाला कुलूप घातलं. संध्याकाळी तालमीतला बापू तेल्याचा थोरला, आत येऊ देत नाहीत म्हणून बाहेरून माळवीत ओरडला, "वस्ताद, म्हांने अंदर नी आवा दे!" वस्तादांनी दगड उचलला आणि कुलूप फोडलं. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी त्यांना सगळ्या वर्गांसमोर उभं केलं.

"हे सरकारी कुलूप होतं."

"जागा कुणाची होती, मास्तर?"

"तुम्ही नोकर आहात इथले!"

"म्हणूनच दगड मारला तो कुलपाला, तुम्हाला नाही," वस्ताद म्हणाले.

आम्ही हसलो नाही. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. फाटकाला नवं कुलूप लागलं आणि पाहऱ्याला शिपाई बसला. बाहेरची पोरं काही दिवस भिंतीवरून दगड भिरकावत राहिली, मग यायची थांबली.

त्या वर्षी बक्षीस समारंभाला सरदार प्रतापराव पाहुणे होते. वस्तादांच्या वडिलांच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस. आता खुर्चीत मावत नव्हता. मैदानावर मांडव, गावातली सगळी मोठी मंडळी पानं चघळत बसलेली. आम्ही कवायतीला रांगा धरून उभे. वस्तादांनी "अटेन्शन" केलं. त्यानंतर ते काही बोललेच नाहीत.

आम्ही ताठ उभे. ऊन डोक्यावर. मांडवात कुजबुज सुरू झाली.

"हुकूम द्या!" हेडमास्तर दबक्या आवाजात म्हणाले.

"नाही देणार."

हेडमास्तर स्वतः पुढे आले आणि ओरडले, "राइट टर्न!" आमच्यातला एकही हलला नाही. त्यांनी पहिल्या रांगेतल्या दोघांना छड्या मारल्या. तरी कुणी हललं नाही. मग प्रतापराव उठले. "संताजी, आपल्या तालमीच्या घराण्याची अब्रू घालवलीस," ते गरजले.

वस्ताद त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "सरकार, शिपायांनी मला ओढलं तेव्हा तुम्ही घोड्यावरून बघत होता. अब्रू त्या दिवशीच गेली. माझीही आणि तुमचीही." डगला काढून त्यांनी हेडमास्तरांच्या पायाशी टाकला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "डिसमिस!" आम्ही पांगलो.

त्यानंतर गावाने त्यांना वाळीतच टाकलं म्हणा. वाणी दारात उभं करीना, लग्नाची बोलावणी बंद झाली. जमुनाबाई त्यांना बोल लावत. पण शेजारच्या भवानीबाई एकदा "तुमच्या नवऱ्याचं डोकं फिरलंय" म्हणाल्या, तेव्हा जमुनाबाईंनी भरली घागर त्यांच्या अंगावर ओतली. शेवटी नवरा-बायको धरमपुरीला गेले. तिथे नर्मदेच्या काठी वस्तादांनी नवा हौदा खणला. नावाडी, कोळी, भिल्ल, येईल त्याला उतरू देत. धारचा कुणी सरदारपुत्र आला तर मात्र हाकलून देत.

मी पुढे त्याच हायस्कुलात मास्तर झालो. एका पर्वणीला माधवरावांबरोबर धरमपुरीला गेलो होतो. पैलतीरी जायच्या नावेत वस्ताद आधीच बसलेले. केस पांढरे, छाती तशीच.

माधवराव म्हातारे झाले होते, मऊ झाले होते. म्हणाले, "संताजीराव, झालं गेलं विसरा आता."

"तुम्ही विसरा," वस्ताद म्हणाले. "तुमचं काही गेलेलं नाही." आणि ते नावेतून खाली उतरले.

मी त्यांच्यामागे उतरलो, पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतला.

"कुठे असतोस?"

मी शाळेचं नाव सांगितलं.

"मग जा. तुझे हेडमास्तर खोळंबलेत."

मी नावेत येऊन बसलो. नावाड्याने वल्हं मारलं. काठावर वस्ताद दुसऱ्या नावेची वाट बघत पाठमोरे उभे होते.